नेपियरच्या मुरघासात कल्चर टाकायचं, गूळ टाकायचा, की काहीच नको?

दिंडोरीचा_गोठा
रामराम मंडळी. सहा एचएफ गाई आणि दोन कालवडी आहेत. द्राक्षबागेमुळे मक्याला रान शिल्लक राहत नाही, विहिरीजवळच्या तुकड्यात आणि बांधाच्या कडेनं फुले जयवंत जातीचं नेपियर गवत लावलंय. पावसाळ्यात ते एवढं फुटतं की गाईंना खाऊन उरतं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गाईंसाठी उसाचं वाढं विकत आणायची पाळी येते. म्हणून यंदा ऑक्टोबरात नेपियरचाच मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) बॅगेत भरायचं ठरवलंय.

आता अडचण अशी की दुकानदार म्हणतो कल्चर, म्हणजे चारा मुरवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट, टाकल्याशिवाय गवताचा मुरघास होतच नाही. यूट्यूबवर जो तो टनाला २ किलो गूळ, १ किलो मीठ, १ किलो युरिया आणि १ लिटर ताक सांगतो. आणि चुलतभाऊ म्हणतो काही लागत नाही, फक्त दाबून भर. तिघांचं तीन तऱ्हेचं. ज्यांनी मक्याचा नाही तर गवताचा केलाय त्यांनी सांगा, नक्की काय टाकायचं आणि का? बॅग ५०० किलोची घ्यावी की टनाची?

मका_येवला
तुमचा चुलतभाऊ बरोबर बोलतोय. आम्ही खड्ड्यात मका भरतो, ट्रॅक्टर फिरवून फिरवून दाबतो, वरून कागद आणि मातीच्या गोण्या. कल्चर नाही, गूळ नाही, काही नाही. वास असा येतो की गाई दावं तोडायला बघतात. हवा काढली की काम झालं. बाकी सगळा दुकानदारांचा धंदा.

काळी_माती
दादा ते गवताचं विचारतायत आणि तुम्ही मक्याचं सांगताय.

मका_येवला
चारा तो चारा. हवा दोन्हीकडे सारखीच.

निफाडची_शेतकरीण
नाही हो भाऊ, सारखं नाही. माझ्याकडे मका पण होतो आणि को-४ जातीचं नेपियर पण, दोन्हीचा मुरघास करते म्हणून सांगते. मका भरला की विसरून जायचं. नेपियर हिरवंगार कापून तसंच कुट्टी करून भरलं तर खालून पाणी सुटतं, काळपट चिकट होतं आणि वास असा की हात दोनदा धुवून पण जात नाही. आमच्या शेजारच्यांनी पावसाच्या दिवसांत तसंच भरलं होतं, त्यांच्या गाईंनी तोंड नाही लावलं.

मी काय करते, सकाळी दव गेलं की कापते आणि तिथंच पसरून ठेवते, ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं मरगळतात. मग कुट्टी. मूठभर कुट्टी घट्ट आवळायची आणि सोडायची. बोटांतून पाणी आलं तर अजून ओलं आहे, गोळा तसाच राहिला तरी थोडं जास्तच, हळूहळू उलगडला आणि तळहात फक्त दमट झाला तर भरायचं. त्यात मक्याच्या वाळलेल्या चाऱ्याची कुट्टी मिसळते आणि गुळाचं पाणी मारते. कल्चर मी वापरत नाही.

दिंडोरीचा_गोठा
ताई गूळ किती टाकता टनाला?

निफाडची_शेतकरीण
पंधरा किलोच्या आसपास. पशुखाद्याचा काळा गूळ मिळतो तो.

चांदवडी
१५ किलो??? सगळे तर २ किलो सांगतात. एवढ्या गुळात तर आमच्या गल्लीच्या पुरणपोळ्या होतील 😀

गुरांचा_डॉक्टर
ताईंचा हिशोब बरोबर आहे. थोडं लांबेल पण समजून घ्या, कारण सगळा प्रश्न याच्यातच आहे.

मुरघास म्हणजे हवा बंद केल्यावर लॅक्टिक ॲसिड तयार करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खातात, आम्ल तयार होतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि मग कुजवणारे जिवाणू जगू शकत नाहीत. म्हणजे तीन गोष्टी लागतात, हवा नको, साखर हवी, आणि पाणी बेताचं हवं. दाणा दुधाळच्या पुढे जाऊन पिठाळ झालेल्या मक्यात सुका भाग (पाणी सोडून उरणारा) ३० ते ३५ टक्के असतो आणि साखर भरपूर. त्यामुळे येवल्याच्या दादांना काही टाकावं लागत नाही, ते त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत.

नेपियरचं उलट. पन्नास-साठ दिवसांच्या नेपियरमध्ये पाणीच ८० टक्क्यांच्या घरात आणि साखर तुटपुंजी. नीट आंबायला ओल्या वजनाच्या तीनेक टक्के तरी विरघळणारी साखर लागते असं धरतात, आपल्या उष्ण भागातल्या गवतांत ती बहुतेक वेळा तेवढी नसते. साखर कमी आणि पाणी जास्त असलं की पीएच अर्ध्यावरच अडकतो आणि मातीतून, शेणातून आलेले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू जोर धरतात. ते ब्युटिरिक ॲसिड करतात, ताई म्हणतात तो हातावरचा वास त्याचाच. प्रोटीन पण मोडतं, अमोनिया होतो. चारा जेवढा ओला तेवढा पीएच आणखी खाली न्यावा लागतो, ३० टक्के सुका भाग असेल तर ४.३ ला पण टिकतो, २० टक्केच असेल तर ४ च्या खाली गेल्याशिवाय भरवसा नाही.

आता २ किलो गूळ टनाला म्हणजे किलोला २ ग्रॅम. त्यानं काय होणार? नेपियरवरच्या प्रयोगांत साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरतात ती ३ ते ४ टक्के, म्हणजे टनाला ३० ते ४० किलो. मळीत साखर साधारण निम्मी, गुळात त्याहून बरीच जास्त, म्हणून गूळ १५ ते २० किलो. हा खर्च वाया जात नाही, जे आम्ल तयार होतं त्यातून गाईला ऊर्जा मिळतेच.

चांदवडी
डॉक्टर मग कल्चरचं काय? दुकानदार खोटं बोलतो का?

गुरांचा_डॉक्टर
खोटं नाही, अर्धं सांगतो. कल्चर म्हणजे कामाला माणसं आणणं. गोठ्यात पंचवीस माणसं आणली आणि भाकरी दोघांचीच असली तर काम होत नाही. नेपियरमध्ये आधी साखरेची आणि पाण्याची सोय लावा, मग कल्चरचा फायदा दिसेल. उलट गूळ टाकला पण झाडावर चांगले जिवाणू कमी असले तर त्या साखरेवर यीस्ट आणि भलतेच जिवाणू ताव मारतात. म्हणून माझं मत, गवताला दोन्ही एकत्र टाका. पण दोन्हीतलं एकच परवडणार असेल तर गूळ, आणि फुकटात काही करायचं असेल तर सुकवणं.

सिन्नरचा_दूधवाला
सुकवणं फुकट नाही डॉक्टर. मजूर किती सांगतो तुम्हाला माहिती आहे ना, एकदा कापायचं, पसरायचं, परत गोळा करायचं. आम्ही त्यापेक्षा नेपियर ७५-८० दिवसांचं होऊ देतो, आपोआप पाणी कमी होतं.

निफाडची_शेतकरीण
पण भाऊ तेवढं जुनं झाल्यावर दांडा लाकूड होतो ना. आमच्या गाई दांडे गव्हाणीत तसेच ठेवतात. आणि पोकळ दांड्यात हवा राहते, दाबून दबत नाही.

सिन्नरचा_दूधवाला
कुट्टी बारीक करायची, पाऊण इंचाच्या आत. पात्याला धार लावून घ्यायची आधी. दांडा फुटला पाहिजे नुसता कापून उपयोग नाही. दूध थोडं कमी बसतं हे मान्य पण दुष्काळात कडब्यापेक्षा केव्हाही बरं.

काळी_माती
हिशोब करून बघितला, चुकत असेल तर सांगा. एक टन नेपियर, सुका भाग २०० किलो. ते ३० टक्क्यांवर आणायचं तर वजन ६६७ किलो व्हायला पाहिजे, म्हणजे टनामागे सव्वातीनशे लिटरच्या वर पाणी उडवायचं. ढगाळ हवेत हे होणं कठीण. त्यापेक्षा टनाला १५० किलो वाळलेली कुट्टी मिसळली तर सुका भाग २०० अधिक १३५, भागिले ११५०, म्हणजे २९ टक्के. मक्याचा चारा, बाजरीचं सरमाड, गव्हाचा भुसा काहीही चालेल. थोडं सुकवायचं आणि थोडं मिसळायचं, दोन्ही अर्धं अर्धं केलं तर मजुरी पण आटोक्यात.

गुरांचा_डॉक्टर
हिशोब बरोबर आहे. फक्त एक भर, मिसळायच्या चाऱ्याला बुरशी नको. मक्याचा भरडा टाकला तर आणखी चांगलं, पाणी शोषतो आणि खुराक पण होतो. पण भरड्यातला स्टार्च हे जिवाणू सहसा थेट खाऊ शकत नाहीत, त्यामुळे भरडा टाकला म्हणून गूळ नको असं करू नका.

बागलाणी_तरुण
आमच्याकडे वेस्ट डीकंपोजरचा ड्रम कायम तयार असतो. त्यात पण गूळच असतो आणि जिवाणू पण. तो मारला तर चालेल का मुरघासावर? नवीन कल्चरचे पैसे वाचतील.

गुरांचा_डॉक्टर
अजिबात नाही! तो कुजवण्यासाठी आहे, आपल्याला चारा टिकवायचा आहे. काडीकचरा खाणारे जिवाणू गाईच्या चाऱ्यात कशाला सोडायचे. ट्रायकोडर्मा, जीवामृत, स्लरी, यातलं काहीही मुरघासात नको.

बागलाणी_तरुण
बरं झालं विचारलं. आणि ताक?

गुरांचा_डॉक्टर
ताकानं नुकसान नाही पण भरवसा पण नाही. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेला सरावलेले असतात, गवतातल्या साखरेवर ते तेवढ्या जोमानं वाढत नाहीत. मुरघासाच्या कल्चरमध्ये लॅक्टोबॅसिलस प्लांटारम असतो, तो वनस्पतींवरच वाढणारा. ताक घरी प्या.

मका_येवला
युरियाचं राहिलं. आमच्याकडे बरेच जण मक्यात टाकतात.

गुरांचा_डॉक्टर
मक्यात प्रोटीन कमी म्हणून टाकतात. टनाला ५ किलो युरिया म्हणजे हिशोबानं १४ किलोच्या आसपास प्रोटीनची भर. मक्याला आम्ल भरपूर होतं म्हणून ते खपतं. ओल्या नेपियरमध्ये युरियातून अमोनिया सुटला की तो आम्लाला मारतो, म्हणजे आपण एका हातानं गूळ टाकून पीएच उतरवणार आणि दुसऱ्या हातानं चढवणार. लसूणघासात तर मुळीच नको, त्यात आधीच प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त असल्यामुळे पीएच उतरायला जड जातो.

आणखी एक, गव्हाच्या काडाला किंवा भाताच्या पेंढ्याला ४ टक्के युरिया प्रक्रिया करतात ती वेगळी पद्धत आहे, ते प्रमाण वाचून कुणी मुरघासात ओतू नका. युरिया एका जागी साचला तर गाय दगावते. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना युरियावाला चारा नाहीच.

मीठ चवीपुरतं, टनाला ५ किलोपर्यंत टाका नाहीतर नका टाकू, त्यानं मुरणं काही होत नाही. मिनरल मिक्सचर बॅगेत न टाकता रोज खुराकात द्या. नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नेपियर खाणाऱ्या गाईला ते चुकवू नका.

घाटमाथा_इगतपुरी
तुमचं सगळं ऑक्टोबरच्या उन्हावर चाललंय. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सप्टेंबरात गवत कमरेएवढं आणि ऊन पाहायला मिळत नाही. डांगी जनावरं आहेत, पावसात चरतात ती, त्यांचं काही अडत नाही. पण दोन संकरित गाई घेतल्यात त्यांच्यासाठी विचारतो. सुकवता येत नाही तर आम्ही काय टाकायचं?

काळी_माती
थंड ओल्या देशांत हाच प्रश्न होता. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी यावरच काम केलं, चाऱ्यात थेट आम्ल मिसळून पीएच ४ च्या खाली आणायचा, जिवाणूंची वाटच बघायची नाही. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या चारा टिकवण्याच्या पद्धतीचा खास उल्लेख आहे. चाऱ्यासाठी नोबेल! हे आपल्या पोरांना शाळेत सांगायला पाहिजे. पुढे तिकडे फॉर्मिक ॲसिड वापरायला लागले.

घाटमाथा_इगतपुरी
वा, हे माहिती नव्हतं. फॉर्मिक ॲसिड आपल्याकडे मिळतं का?

गुरांचा_डॉक्टर
मिळतं, पण घरगुती कामाला मी सांगणार नाही. टनाला ३ ते ५ लिटर लागतं, कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर डोळा जातो, लोखंड खातं. तिकडे मशीनवरच त्याचा पंप असतो, आपण हातानं कुट्टी पसरणार. नको.

इगतपुरीकर, तुमच्यासाठी वाळका पेंढा हाच उपाय. भाताचा पेंढा मागच्या साली राखून ठेवला असेल तर कुट्टी करून टनाला दीडशे किलो मिसळा, गूळ २० किलो, कल्चर. गवत कणसं निघायला लागली की लगेच कापा. आणि बी धरून पिवळं पडलेलं रानगवत असेल तर मुरघासाचा खटाटोप करू नका, पाऊस गेल्यावर वाळवूनच ठेवा, त्यात मुरायला काही उरलेलं नसतं.

लासलगाव_आडत
विषय निघालाच आहे तर विचारतो, चाळीत खराब झालेला कांदा मुरघासात टाकला तर? कांदा गोड असतो, साखर मिळेल. फुकट आहे, ढीगच्या ढीग.

गुरांचा_डॉक्टर
नको. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी गाईच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लघवी लाल-काळपट होते, जास्त खाल्ला तर जीव जातो. मुरवल्यानं विष जातं असं धरून चालू नका.

चांदवडी
कांद्यानं आधी शेतकरी रडवला, आता गाय पण 😀 टोमॅटोचा चिखल पण विचारून टाका कुणीतरी.

दिंडोरीचा_गोठा
मी द्राक्षाचं विचारतो. आमच्या भागात वायनरीचा चोथा मिळतो.

काळी_माती
पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवायच्या आधीच दाबून काढतात म्हणून त्यात साखर राहते, लाल वाइनचा आंबवून झालेला असतो, त्यात फारशी नाही. पण वायनरीचा हंगाम जानेवारी ते मार्च-एप्रिल, तुमचं नेपियर उरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. मेळ बसत नाही. आणि बी, टॅनिन जास्त, फवारण्यांचा अंश वेगळाच. जास्त मागे लागू नका.

पशुखाद्य_दुकान
मी दुकानातूनच बोलतोय, आमच्यावर बरंच झालं म्हणून चार गोष्टी मी पण सांगतो. कल्चर घेताना पाकिटावर काय बघायचं. ग्रॅम चाऱ्याला किमान १ लाख जिवंत जिवाणू पडले पाहिजेत, म्हणजे टनाला दहा हजार कोटी, पाकिटावर दहाचा अकरावा घात असं लिहिलेलं असेल. हा आकडाच नसेल तर घेऊ नका. मुदत बघा, आणि दुकानात ते थंड ठेवलं होतं का ते विचारा, उन्हात पत्र्याखाली राहिलेलं पाकीट म्हणजे मेलेले जिवाणू.

नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, विहिरीचं घ्या. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. आणि द्राक्षवाल्यांनो, ज्या पंपानं बुरशीनाशक किंवा तणनाशक मारता त्याच पंपानं कल्चर मारू नका, वेगळा पंप ठेवा. कुट्टी मशीनमधून पडते तिथंच बारीक फवारा मारला तर सगळीकडे बसतं, बॅग भरल्यावर वरून ओतून उपयोग नाही.

निफाडची_शेतकरीण
हे चांगलं सांगितलं. माझा एक प्रश्न, माझा मुरघास उघडताना छान असतो पण उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला गरम लागतो. त्यावर कल्चर आहे का?

पशुखाद्य_दुकान
आहे ताई, लॅक्टोबॅसिलस बुचनेरी असलेलं घ्या. तो लॅक्टिकसोबत ॲसेटिक ॲसिड करतो, त्यानं यीस्ट दबतं. नुसत्या प्लांटारमवाल्यानं पीएच झटपट उतरतो पण उघडल्यावर गरम होणं थांबेलच असं नाही. फक्त बुचनेरी सावकाश काम करतो, दीड-दोन महिने बॅग उघडू नका. दोन्ही एकत्र असलेली पाकिटं पण येतात.

गुरांचा_डॉक्टर
बरोबर. पण ताई, गरम होण्याचं मोठं कारण बॅगेचा आकार असतो. दिंडोरीकरांचा बॅगेचा प्रश्न पण इथंच सुटतो. सहा गाई, गाईला दिवसाला १५ किलो, म्हणजे ९० किलो. टनाची बॅग ११ दिवस उघडी राहणार, मेच्या उन्हात ती गरम होणारच. ५०० किलोची साडेपाच दिवसांत संपते. ५०-६० किलोची गाठ बांधून देणारं मशीन जवळ असेल तर त्याहून चांगलं.

सिन्नरचा_दूधवाला
गाठीला कागद जास्त लागतो आणि एक कावळा चोच मारून गेला की गाठ गेली. ५०० ची बॅग बरी.

दिंडोरीचा_गोठा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी असं ठरवलंय, पाऊस उघडला की पंचावन्न-साठ दिवसांचं नेपियर जमिनीपासून चार बोटं वर कापायचं म्हणजे चिखल येणार नाही, एक दिवस पसरायचं, मूठ बघायची, मक्याच्या वाळक्या चाऱ्याची कुट्टी टनाला ७०-८० किलो, गूळ १५ किलो कमीत कमी पाण्यात विरघळवून, युरिया नाही, ताक नाही. मळी मिळाली असती तर स्वस्त पडली असती पण तिच्यावर उत्पादन शुल्कवाल्यांचं नियंत्रण, कारखान्यावर विचारलं तर परवान्याचं निघालं, ते नको. कल्चर दोन्ही जिवाणूंवालं घेतो. ठीक आहे ना डॉक्टर?

गुरांचा_डॉक्टर
उत्तम. एक करा, दोन बॅगा फक्त गुळाच्या भरा, कल्चरशिवाय, आणि वरती मार्करनं लिहून ठेवा. तुमच्या रानात कल्चरचे पैसे वसूल होतात का ते तुमच्याच गाई सांगतील. उघडल्यावर वास, रंग, पीएच पट्टी आणि किती दिवसांनी गरम लागतं ते इथं लिहा.

मका_येवला
मला पण बघायचंय. नेपियर जमलं तर आमच्याकडे पण विहिरीच्या कडेला लावतो, मका विकून टाकू.

चांदवडी
बॅग घेताना आतला लायनर (प्लास्टिकचं अस्तर) जाड आहे का ते बघा, आणि बॅगा भिंतीपासून लांब ठेवा, भोवती मोकळी जागा राहिली पाहिजे. भिंतीला टेकवल्या की मागून उंदीर कातरतो आणि आपल्याला कळतच नाही.

दिंडोरीचा_गोठा
शेडमध्ये मधोमध लावतो मग. लायनर वेगळाच मागवलाय.